कॉम्प्युटरचा बीम

बदलापूरला खरवईच्या अंगाला एक तीन मजली इमारत आहे. तिच्या पहिल्याच जिन्यावर, वळण घेतलं की लगेच, एक बीम इतका खाली आला आहे की साधारण उंचीच्या माणसालाही मान लववून जावं लागतं. रहिवाशांनी बीमच्या कडेला जुन्या गादीतला फोम बांधला आहे आणि फोम वाईट दिसू नये म्हणून वरून प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण लावलं आहे. लग्न असलं की नवरदेव तिथे फेटा काढून हातात घेतो. लोखंडी कपाट त्या जिन्याने कधी वर गेलेलं नाही; ते मागच्या गॅलरीतून दोर लावून चढवतात.

त्या बीमला तिथे सगळे कॉम्प्युटरचा बीम म्हणतात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने त्या इमारतीत भाड्याने जागा घेतली. घर लागल्यावर मी बघायला गेलो. जिन्यात वरून एक बाई पिशवी घेऊन उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, डोकं सांभाळा, कॉम्प्युटर आला." मग मी न विचारताच त्यांनी हकीकत सांगितली. फार वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नवीन होते तेव्हा, कुणी एक मुलगी या इमारतीचे नकाशे काढत होती. तिला ऑफिसातल्या जुन्या माणसाने एक बदल सांगितला, तो ती विसरली आणि बटण दाबून मोकळी झाली. शिकलेल्या पोरी, दुसरं काय, असं म्हणून त्या हसल्या. मीही हसलो. त्या बीमखालून वाकून वर गेलो, भाचीकडे चहा प्यायलो आणि घरी आलो.

ती हकीकत खोटी आहे. ती पहिल्यांदा सांगितली मी, आणि ऑफिसातला जुना माणूस म्हणजेही मीच.

हे नीट सांगायचं तर आधी आमचं ऑफिस सांगावं लागेल. त्याबद्दल सांगायला मला अजून आवडतं.

अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून थोडं चालून गेलं की एक सायकलचं दुकान होतं आणि त्याला लागून पिठाची गिरणी. त्या दोन्हींच्या वर आम्ही. आमचे साहेब स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारतीला कॉलम किती, बीम केवढा, त्यात कुठली सळई कुठे, हे ठरवायचं त्यांचं काम. त्यांनी गणित करून दिलं की ते कागदावर उतरवायचं माझं काम. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लागलो. मला टक्कल लवकर पडलं, त्यामुळे तिशीतच सगळे मला काका म्हणू लागले. साहेब माझ्यापेक्षा मोठे, तेही.

गिरणी सुरू झाली की आमचं ड्रॉइंगचं बोर्डही बारीक थरथरायचं. मला त्याची इतकी सवय झाली होती की गिरणी बंद असली की माझी रेघ बिघडायची. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईची पेनं, ट्रेसिंग पेपरचे रोल. ते रोल उल्हासनगरच्या बाजारात स्वस्त मिळायचे. मी महिन्यातून एकदा जायचो, दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करायचो आणि परत येताना सिंधी पापड आणायचो. ट्रेसिंगवरून प्रिंट काढायला आम्ही प्लायवूडची एक पेटी केली होती. तिच्या तळाशी बशीत अमोनिया ओतायचा, वर कागद गुंडाळून उभा ठेवायचा आणि झाकण लावून गॅलरीत पळायचं. पेटी उघडली की डोळ्यांतून पाणी यायचं आणि कागदावर जांभळट निळ्या रेघा आलेल्या असायच्या. एमआयडीसीकडून वारा असला तर वेगळा अमोनिया कशाला ओतता, नुसती खिडकी उघडा, असा गिरणीवाल्याचा ठरलेला विनोद होता.

पण ऑफिसातली माझी खरी जागा म्हणजे काचेचं टेबल. लाकडी खोक्यात दोन ट्यूबलाइट बसवून वर जाड काच टाकलेली. आर्किटेक्टचा नकाशा खाली, त्यावर कॉलमचा, त्यावर बीमचा, त्यावर संडास-बाथरूमच्या पाइपांचा. खालून उजेड लावला की चारही कागद एक व्हायचे आणि कुठे काय कशाला आडवं जातं ते दिसायचं. दरवाजात आलेला कॉलम, बीमच्या पोटातून जाणारा पाइप, असं काही सापडलं की मी पेन्सिलीने गोल करायचो. मग अर्धं ब्लेड चिमटीत धरून चुकीची रेघ खरवडायची. कागद फाटता कामा नये. खरवडलेल्या जागेवर नखाची पाठ घासायची म्हणजे शाई फुटत नाही, आणि मग नवी रेघ ओढायची. साहेब पाहुण्यांना माझं ब्लेड दाखवायचे. आमचा नकाशा साइटवरून परत येत नाही, असं ते सांगायचे, आणि मी तेव्हा मुद्दाम मान खाली घालून काम करत राहायचो.

बदलापूर त्या वेळी हळूहळू पसरत होतं. खरवईला भातखाचरांच्या बांधावरून चालत साइटवर जावं लागे. ज्याची जमीन, तो शेतकरी बांधकामाच्या कडेला येऊन उभा राहायचा आणि आपल्या शेतात खड्डे कसे पडतात ते बघायचा. एकाने मला विचारलं होतं की इथे इतके खांब लावता, तर त्यांना पाणी किती घालायचं. तो मस्करी करत होता हे मला बऱ्याच उशिरा कळलं. जांभळाच्या दिवसांत साइटवरून परत येताना आमच्या शर्टांचे खिसे जांभळे झालेले असत.

नव्वदचं दशक मध्यावर आलं आणि साहेबांनी कॉम्प्युटर घेतला. तो उल्हासनगरच्याच एका दुकानात जोडून घेतलेला होता. त्याच्यासाठी मागच्या खोलीत पडदे लागले आणि चपला बाहेर काढायचा नियम आला. आणि कॉम्प्युटरबरोबर ती आली.

ती इंजिनिअर होती, नुकतीच पास झालेली. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अधिकारी, घर अंबरनाथलाच. सायकलवर यायची, सायकल खालच्या दुकानात लावायची आणि आल्या आल्या मॉनिटरला मऊ कपड्याने पुसायची, गिरणीचं पीठ वरपर्यंत यायचं म्हणून. मला ती पहिल्या दिवसापासून काका म्हणाली. डिग्री होती, पण तिने सेंटरिंग कधी जवळून पाहिलं नव्हतं. स्लॅब भरायच्या आधी लाकडी फळ्यांचा जो साचा उभा करतात तो. तिला साइटवर मी नेलं. कुठली सळई वर आणि कुठली खाली, आणि का, हे मी तिला वाकवून ठेवलेल्या सळयांच्या ढिगावर बसून शिकवलं. ती पटकन शिकायची. मला मुलगी नाही. मला ती आवडायची, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

नकाशे काढण्यावर ती थांबली नाही. साहेबांच्या गणितासाठी तिने अख्ख्या इमारतीचा सांगाडा कॉम्प्युटरमध्ये उभा केला. काळ्या पडद्यावर हिरव्या काड्या. कळ दाबली की तो सांगाडा फिरायचा, आडवा व्हायचा, खालून दिसायचा. इमारत खालून बघायची मला सवय नव्हती. ती म्हणायची की सगळे नकाशे या एकाच इमारतीतून निघायला हवेत. बदल एका जागी केला की तो सगळीकडे जायला हवा. आज मुलं जे करतात तेच ती म्हणत होती, फक्त तेव्हा ते जमायला तिला निम्मं काम हाताने करावं लागायचं. एकदा ती मला सहज म्हणाली, "काका, ही तुमची काचच आहे. फक्त इथे कागद सरकत नाहीत."

ती कौतुकाने म्हणाली होती. माझ्या मनाला मात्र ते लागलं. माझे कागद कधी सरकत नसत.

हळूहळू बाकीचे लोक शंका विचारायला माझ्याकडे न येता तिच्याकडे जायला लागले. काचेच्या टेबलावर आधी जुने रोल येऊन पडले. मग एक दिवस मी जेवून हात धुऊन आलो तर तिथे कुणाचा तरी डबा ठेवलेला होता. मी तो उचलून खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी परत डबा तिथेच.

आता एक कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवर अवलंबून आहे. आमच्याकडे मोठे नकाशे छापणारा प्लॉटर नव्हता. ती नकाशा फ्लॉपीत घालून ठाण्याला पाठवायची, तिथून तो ट्रेसिंगवर छापून यायचा. त्यात एक दिवस जायचा. म्हणून बारीक बदल असला तर परत न छापता आम्ही त्या छापील ट्रेसिंगवरच ब्लेड चालवायचो, म्हणजे मी चालवायचो. पण मग कागद एक बोलणार आणि कॉम्प्युटर दुसरं. यासाठी साहेबांनी नियम केला होता: ब्लेड लागलं की तिला सांगायचं. ती तोच बदल कॉम्प्युटरमध्ये करून ठेवायची. नियम तोंडी होता आणि मी तो पाळत होतो. एकदाच पाळला नाही.

खरवईच्या त्या इमारतीचा बिल्डर उल्हासनगरच्या कॅम्पातला होता. फर्निचरच्या धंद्यातून बांधकामात आलेला, अंगाने मोठा, सगळ्यांना साईं म्हणणारा. खालची दुकानं मोठी व्हावीत म्हणून त्याने आर्किटेक्टला सांगून जिना थोडा आत सरकवून घेतला. तिने तो बदल नकाशात घेतला, व्यवस्थित घेतला. पण वरून बघितलेल्या नकाशात उंची दिसत नाही, आणि तिच्या सांगाड्यात बीम म्हणजे नुसती काडी होती. काडीला जाडी नसते. बीम किती खाली लोंबतो ते तिच्या पडद्यावर दिसणार नव्हतं.

मला ते दिसलं. डबे बाजूला करून मी काच पुसली, ट्यूब लावली, जिन्याचा उभा छेद बीमवर ठेवला आणि बघितलं तर चढणाऱ्या माणसाच्या बरोबर कपाळाशी बीम. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. कितीतरी महिन्यांत असं वाटलं नव्हतं. मी ब्लेड काढलं, बीम खरवडला आणि तो उलटा दाखवला. म्हणजे स्लॅबच्या खाली लोंबण्याऐवजी वर उचलून भिंतीत दडवला. काम इतकं सुरेख झालं की कुठे खरवडलं ते उजेडात धरूनच कळावं. ट्रेसिंग गुंडाळून मी कोपऱ्यात उभं केलं. त्या दिवशी प्रिंट काढायची नव्हती.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ती आत बसलेली होती. पाच पावलं चालून गेलो असतो आणि सांगितलं असतं तर संपलं असतं.

मी विसरलो नव्हतो. इतकी वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो की त्या दिवशी गडबड होती. गडबड कसलीही नव्हती. मला हे तिच्या खोलीत जाऊन हळूच सांगायचं नव्हतं. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर, काचेवर ट्यूब लावून दाखवायचं होतं.

त्याच आठवड्यात दुकानांच्या शटरचा काही बदल आला आणि साहेबांनी सगळा संच नव्याने छापून मागवला. ठाण्याहून नवीन ट्रेसिंगं आली. त्यात अर्थातच माझा बदल नव्हता. कॉम्प्युटरला तो कुणी सांगितलाच नव्हता. तपासून सही करायला संच माझ्याकडे आला. जिन्यावरचा जुना बीम परत आपल्या जागी लोंबत होता. मी तो बघितला आणि सही केली. माझा हिशेब असा होता की स्लॅब भरायच्या आधी सळया तपासायला साहेब आणि मी साइटवर जातोच. ते दसरा झाल्यावर होतं. तिथे जिन्यात उभं राहून बीम हाताने दाखवायचा, मग ऑफिसात येऊन कोपऱ्यातलं ट्रेसिंग उघडायचं. कुणाचं नुकसान नाही, आणि माझं टेबल मला परत मिळेल.

दसऱ्याला आमच्या ऑफिसात हत्यारांची पूजा असे. बोर्ड धुऊन पुसून उभी करायची, टी-स्क्वेअरला झेंडू, पेनांची पेटी पाटावर. त्या वर्षी तिने कॉम्प्युटरची पूजा मांडली. मॉनिटरला हळदकुंकू कुठे लावायचं यावर बरीच चर्चा झाली. काचेला लावलं तर डाग पडेल म्हणून शेवटी बाजूला लावलं. की-बोर्डवर आपट्याची पानं ठेवली. ती हिरवी साडी नेसून आली होती. तिने माझं अर्धं ब्लेडसुद्धा वाटीत घालून पाटावर ठेवलं आणि त्याला फूल वाहिलं. हे सगळ्यात मोठं हत्यार, म्हणाली. सगळे हसले, साहेबांनी मला आरती धरायला लावली.

आरती संपत आली तेव्हा बिल्डर पेढे घेऊन जिना चढून आला. कपाळाला टिळा. म्हणाला, "साईं, मुहूर्त पे चालू कर दिया. सुबह नारळ फोडला, स्लॅब भरतोय. आज का दिन छोडना नहीं था."

साहेब चिडले. तपासल्याशिवाय भरलंच कसं, असं ते त्याला बोलत राहिले, आणि तो हात जोडून सांगत राहिला की सुपरवायझर उभा आहे, सळई सगळी नकाशाप्रमाणे आहे, मजूर सणाला मिळाले ते नशीब, आणि दसऱ्याला पहिला स्लॅब भरला तर इमारत उजवते. मी आरतीचं ताट हातात घेऊन उभा होतो. मी त्याला एवढंच विचारलं की कुठून भरायला घेतलंय. तो म्हणाला, मागच्या बाजूने. जिना यायला दुपार होईल.

जिना पुढच्या बाजूला होता. अंबरनाथहून खरवई रिक्षाने किती लांब आहे ते तिथल्या माणसाला सांगायला नको. वेळ भरपूर होता. नुसतं साहेबांना म्हणायचं होतं की जिन्याचा बीम थांबवा. पण मग त्यांनी विचारलं असतं की काका, तुम्हाला कधीपासून माहीत आहे.

मी पेढा खाल्ला. तिने मला सोनं दिलं, मी तिला दिलं. तिने वाकून नमस्कार केला. दुपारी आम्ही सगळे आपापल्या घरी गेलो आणि मी श्रीखंड-पुरी जेवून झोपलो, म्हणजे डोळे मिटून पडलो.

दिवाळी झाल्यावर सेंटरिंग काढलं. बिल्डर स्वतः जिना चढला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन थेट आमच्याकडे आला. "साईं, ये बिल्डिंग है या मंदिर? हर एक को माथा टेकना पडेगा." तोडायचं म्हणत होता. साहेबांनी तोडू दिलं नाही. एकदा भरलेला बीम तोडला तर बाकीच्याला धक्का बसतो. वरच्या मजल्यांवर बदल करू, हा असाच राहील, असं ठरलं. बिल्डर गेल्यावर साहेबांनी दार लावलं आणि नवा संच टेबलावर पसरला. तपासल्याची सही माझी होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावलेले नव्हते, त्यांना फक्त समजत नव्हतं. मी कोपऱ्यातलं जुनं ट्रेसिंग आणलं आणि काचेवर ठेवून ट्यूब लावली. उलटा बीम स्वच्छ दिसला. मी ज्याची वाट बघत होतो ते असं झालं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही दुरुस्त केलं होतं."

ती वाकून खरवडलेली जागा बघत होती. तिने मला विचारलं, "हे केव्हा केलंत, काका?"

मी म्हणालो, "सांगितलं होतं मी तुला. तू सकाळी मॉनिटर पुसत होतीस तेव्हा, दारातून सांगितलं. विसरलीस. मी धरून चाललो की केलं असशील, म्हणून सही केली."

असं मी काहीही सांगितलं नव्हतं. पण ती रोज सकाळी मॉनिटर पुसायची, आणि मी जाता-येता दारातून काहीबाही बोलायचो. खोटं बोलताना मी त्यात खरं मिसळलं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं.

ती बराच वेळ आठवत राहिली. आठवताना तिचे ओठ हलत होते. मला वाटलं आता ती नाही म्हणेल, आणि ती नाही म्हणाली असती तर मी कदाचित मोडलो असतो. ती म्हणाली, "हो, पुसत होते मी. विसरले असेन."

कुणी तिला काढलं नाही. साहेबांनी आवाजही चढवला नाही. पण त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची, मग तिसऱ्यांदा येऊन हेच ना म्हणायची, आणि साहेब वैतागायचे. पुढच्या वर्षी ती सोडून गेली. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर आलं. काचेचं टेबल परत माझं झालं आणि त्यावर कुणी डबा ठेवायचं बंद झालं. त्यानंतरची दोन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात मानाची होती. साइटवर लोक म्हणायचे, कॉम्प्युटरने गिळलं ते काकांच्या ब्लेडने पकडलं होतं. बीमला नाव तेव्हाच पडलं.

मग कॉम्प्युटर परत आले, ते सगळीकडेच आले. मी चाळिशी ओलांडून माऊस धरायला शिकलो. गिरणी बंद पडली तेव्हा मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

शतक संपता संपता एकदा महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत ती भेटली. कडेवर मूल होतं, शेजारी नवरा. नवऱ्याला तिने सांगितलं, हे माझे काका, मी काम यांच्याकडे शिकले. त्या गर्दीत वाकून पाया पडली. मग म्हणाली की त्या एका विसरण्याने तिला कायमची शिस्त लागली. आता ती कुणीही सांगितलेलं समोरच्याकडून परत म्हणवून घेते. मी म्हणालो, चांगली सवय आहे. मुलाच्या हातात दहा रुपये ठेवले आणि पुढे गेलो.

साहेब आता नाहीत. बिल्डर कधीच गेला. त्या जिन्यात त्या बाईंनी मला माझीच हकीकत सांगितली, त्यानंतर मी तिचा पत्ता शोधला आणि तिच्या घरी गेलो. ती ठाण्याला राहते. एका मोठ्या ऑफिसात वरच्या जागेवर आहे आणि तरुण इंजिनिअरांना शिकवते, अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये कशी बांधायची ते. सळई, पाइप, वायर, सगळ्याला जाडी असलेली. तिने मला मोठ्या पडद्यावर दाखवलं. एक बीम पाइपला लागला तर दोन्ही लाल होतात. कुणी काय बदललं आणि केव्हा, तेही त्यात आपोआप राहतं. मी म्हणालो, छान आहे. मग मी तिला सांगितलं.

तिने पडदा बंद केला. मग म्हणाली, "पण मला आठवतं, काका. तुम्ही दारात उभे होता. तुमच्या हातात ट्रेसिंगची गुंडाळी होती."

"तसं झालं नव्हतं. ते मी तुझ्या डोक्यात घातलं."

"म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही."

तिने विचारलं की दसऱ्याला मला माहीत होतं का. मी हो म्हणालो. आरती चालली होती तेव्हा? मी हो म्हणालो. ती उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. मला साखर कमी लागते हे तिच्या लक्षात होतं. चहा संपेपर्यंत ती तिसरंच काहीतरी बोलली. घराला कुलूप लावलं की परत जाऊन ओढून बघते, गॅस दोनदा बघते, घरातले हसतात. मुलगा म्हणतो आईला सगळं तीनदा लागतं. हे ती तक्रारीने सांगत नव्हती. स्वतःशीच मोजत असावी.

मी माफी मागितली. तिने रिकामे कप गोळा केले. म्हणाली की ती दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगते, मी एकदा विसरले होते आणि त्यामुळे एका इमारतीत लोक आजही वाकून चालतात. ती मुलं आता कुठे कुठे आहेत. "मला सांगितलंत, काका. त्यांना कोण सांगणार? लिहा तुम्ही."

म्हणून लिहिलं. याची एक प्रत खरवईच्या सोसायटीला देणार आहे. नाव बदलतील असं वाटत नाही.

मी निघालो तेव्हा ती रिक्षापर्यंत सोडायला आली. घरात कुणी नव्हतं. तिने कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली, आणि आम्ही जिना उतरू लागलो. पहिल्या वळणावर ती थांबली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. ती परत वर गेली, आणि कुलूप ओढून बघितल्याचा आवाज मला खाली ऐकू आला.